घरची वाइन: हवा कधी येऊ द्यायची, कधी अडवायची

पहिल्या वर्षी मी वाइन करायला बसले आणि झालं व्हिनेगर. तसं ते चांगलं होतं, वर्षभर सॅलडला पुरलं. पण ब्लॅकबेरी तोडताना ओरबाडलेले हात आणि दोन महिने धरलेला धीर, हे सगळं काही सॅलडसाठी नव्हतं. चूक कुठे झाली ते समजायला पुढचा हंगाम उजाडावा लागला. चूक बादलीच्या झाकणात होती. ते पंधरा दिवस नुसतं वर टेकवलेलं होतं आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ ते उचलून आत काय चाललंय ते बघत होते. पहिले पाच दिवस तसं बघणं बरोबरच होतं. पुढच्या दहा दिवसांनी घात केला.

घरी वाइन करण्यातलं निम्मं कसब या एका गोष्टीत आहे: हवेला कधी घरात घ्यायचं आणि कधी दार लावून घ्यायचं. पाककृती ढीगभर मिळतात, पण हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही पाककृतीतली प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप कळायला लागतं.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहते. ऑगस्ट संपत आला की इथे कालव्याकाठी, शेतांच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकते. करवंदांसारखीच फुकटची आणि करवंदांसारखीच काटेरी. आपल्याकडे मे महिन्यात पोरं करवंदांच्या जाळीत शिरतात, तशी इथे माणसं डबे घेऊन कुंपणांना भिडतात. २९ सप्टेंबरला मायकेलमसचा सण येतो. त्यानंतर सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो म्हणून तोडू नये, अशी इथली जुनी समजूत आहे. ऑक्टोबरात फळं पाणचट होतात, त्यांना बुरशी धरते. सैतानाचं नाव घेतलं की पोरं लवकर ऐकतात, एवढंच.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरापुरती वाइन करायला परवाना लागत नाही. विकायची म्हटली की परवाना आणि कर दोन्ही आले. अमेरिकेत केंद्राचा कायदा घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोघं किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर, करू देतो. राज्याचे नियम मात्र वेगळे बघावे लागतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. बरणी स्वयंपाकघरातली असो नाहीतर एकच लिटरची, ‘आम्ही विकत नाही हो, घरच्या घरीच’ ही सबब तिथे उपयोगी पडत नाही. तेव्हा नाशिक-पुण्याच्या वाचकांनी हे आपल्याकडच्या वायनरीतल्या टाक्यांत नेमकं काय चालतं ते कळावं म्हणून वाचावं. हात घालायचा तो जिथे कायदा घालू देतो तिथेच.

आत नेमकं काय होतं

दुधाला विरजण लावलं की दही करण्याचं काम आपण करत नाही, विरजणातले जिवाणू करतात. आपण फक्त दूध कोमट आहे ना ते बघतो, झाकण ठेवतो आणि भांडं हलवत नाही. वाइनचंही तसंच, फरक इतकाच की इथे विरजण यीस्टचं. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करून सोडते. हे काम जिवंत जिवांचं आहे, नुसतं रसायन सडण्याचं नाही, हे लुई पाश्चर यांनी १८५० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं वाइन पीतच होती, पण ती कोण करतंय हे ठाऊक नव्हतं.

कागदावरचा हिशेब असा: १०० ग्रॅम ग्लुकोजमधून साधारण ५१ ग्रॅम अल्कोहोल आणि ४९ ग्रॅम वायू. म्हणजे आपण बादलीत किलोभर साखर ओतली तर जवळजवळ अर्धा किलो साखर बुडबुडे होऊन उडून जाते. अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे खोलीतल्या तापमानाला अडीचशे लिटरच्या वर वायू. हा आकडा लक्षात ठेवा. नवशिक्यांच्या बाटल्या का फुटतात ते त्यातच आहे.

आपल्या घरांना हे प्रकरण वाटतं तितकं परकं नाही. औषधांच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असायची ना? आसव आणि अरिष्ट ही दोन्ही आंबवूनच करतात. काढा उकळून घेऊन आंबवलं तर अरिष्ट, न उकळता आंबवलं तर आसव. त्यात धायटीची लाल फुलं घालतात, कारण त्या फुलांबरोबर यीस्ट येतं आणि तेच विरजणाचं काम करतं. भांडं धान्याच्या राशीत पुरून ठेवायची जुनी पद्धत आहे, म्हणजे आतलं तापमान खालीवर होत नाही. आसव तयार झालं की नाही हे बघायची युक्ती तर फारच छान. भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी न्यायची. विझली तर आत अजून वायू तयार होतोय, काम चालू आहे. जळत राहिली तर थांबलं. मी हे माझ्या बादलीवर करून पाहिलं आहे. काडी अशी पटकन विझते की कुणीतरी फुंकर मारली असं वाटावं.

आता हवेकडे येऊ. यीस्टला सुरुवातीला थोडा ऑक्सिजन हवाच असतो. एका पाकिटातल्या यीस्टला दोन-तीन दिवसांत कितीतरी पटींनी वाढायचं असतं, आणि नव्या पेशींचं पातळ आवरण पक्कं करायला लागणारी द्रव्यं ऑक्सिजनशिवाय नीट तयार होत नाहीत. ते आवरण कच्चं राहिलं की पुढे अल्कोहोल वाढल्यावर यीस्ट गळपटतं आणि काम अर्ध्यात थांबतं. म्हणून पहिले काही दिवस बादली, सैल झाकण, रोजचं ढवळणं. तेव्हा वायू इतका जोरात निघत असतो की रसावर त्याचीच गोधडी पांघरलेली असते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तिथेच बसून राहतो.

जोर ओसरला की ती गोधडी विरळ होते आणि मग दुसराच पाहुणा येतो: ॲसिटोबॅक्टर नावाचा जिवाणू. तो अल्कोहोल आणि ऑक्सिजन दोन्ही वापरून व्हिनेगरमधलं आम्ल तयार करतो. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं त्याला पायांवरून घेऊन येतात. ऑक्सिजन नसेल तर त्याला हातपाय हलवता येत नाहीत. मी त्याला दहा दिवस रोज दोन वेळा दार उघडून दिलं होतं.

सामान

खायच्या प्लॅस्टिकची दहा लिटरची झाकणवाली बादली. साडेचार लिटरचा काचेचा बुधला. इथे त्याला डेमीजॉन म्हणतात आणि चॅरिटी शॉपमध्ये धूळ खात पडलेला बऱ्याचदा सापडतो. त्याच्या तोंडाला बसणारं भोकाचं बूच आणि त्या भोकात एअरलॉक. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली वाकडी नळी: आतला वायू पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येऊ शकत नाही. कुकरच्या शिट्टीसारखंच एकतर्फी काम, फक्त बिनआवाजी. शिवाय दीड-दोन मीटर मऊ नळी, मलमलचं फडकं आणि हायड्रोमीटर.

हायड्रोमीटर घ्यायला माणसं कंटाळतात. घ्याच. दूध डेअरीला घातलेल्यांना लॅक्टोमीटर माहीत असतो. दुधात पाणी असेल तर तो जास्त बुडतो. हा त्याचाच भाऊ. पाण्यात तो १.००० दाखवतो. रसात साखर असली की रस दाट, म्हणून काचेची कांडी वर तरंगते आणि १.०८५ वगैरे आकडा दिसतो. यीस्टने साखर खाल्ली की कांडी हळूहळू खाली जाते. सगळी साखर संपली की ती पाण्यापेक्षाही खाली, ०.९९५ च्या आसपास जाऊन थांबते, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणलं की अल्कोहोलचे टक्के अंदाजे मिळतात. १.०८५ वजा ०.९९४ म्हणजे ०.०९१; गुणिले १३१ म्हणजे जवळपास १२ टक्के. आत काय चाललंय हे झाकण न उचलता कळत नाही खरं, पण किती चाललंय हे सांगणारं दुसरं साधन घरात नाही.

यीस्ट वाइनचंच घ्या. पावाचं यीस्ट साखर खातं आणि दारूही करतं, पण ते पाव फुगवायला निवडलेलं असतं: अल्कोहोल वाढलं की लवकर दमतं, तळाला घट्ट बसत नाही आणि वाइनला पावाचा वास राहतो. लॅल्विन ब्रँडचं ईसी-१११८ हे नवशिक्यांसाठी सरळ स्वभावाचं आहे. पाच ग्रॅमचं पाकीट असतं आणि ते १८ टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरतं.

राहिल्या कॅम्पडेनच्या गोळ्या. १९२० च्या दशकात ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्पडेन गावातल्या फळं टिकवण्याच्या संशोधन केंद्रात त्या निघाल्या, म्हणून हे नाव. गोळीत मेटाबायसल्फाइट असतं. रसात विरघळलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, जो फळांवरून आलेले रानटी जंतू दाबून टाकतो आणि ऑक्सिजनलाही अडवतो. तासगावच्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तोच वायू. साडेचार लिटरला एक गोळी पुरते. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, तेव्हा पाहुण्यांना आधी सांगावं. बाजारच्या वाइनच्या बाटलीवरही ‘सल्फाइट आहे’ असं छापलेलं असतं ते यासाठीच.

स्वच्छतेबद्दल आईच्या लोणच्याचा नियम लावा: बरणी धुतलेली असणं आणि बरणी लोणच्याजोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. आधी साबणाने घासायचं, मग निर्जंतुक करायच्या द्रावणाने विसळायचं. बादली, नळी, चमचा, हायड्रोमीटर, फडकं, सगळंच. कंटाळवाणं आहे आणि त्याला पळवाट नाही.

बादलीतले सहा दिवस

दोन किलो ब्लॅकबेरी मी आधी फ्रीझरमध्ये टाकते. आठवडाभर थोडी-थोडी तोडून साठवता येते हा एक फायदा, आणि गोठताना फळातल्या पाण्याचे खडे होऊन पेशी फाटतात हा खरा फायदा. बाहेर काढून वितळली की फळं नुसत्या हाताने दाबली तरी रस सोडतात. हात मात्र दोन दिवस जांभळे राहतात, जांभळं खाल्लेल्या जिभेसारखे.

९०० ग्रॅम साखर दीड लिटर गरम पाण्यात विरघळवून ते पूर्ण गार करायचं, त्यात आणखी लिटरभर गार पाणी. हे कुस्करलेल्या फळांवर ओतायचं. फळं उकळू नका. उकळल्याने पेक्टिन सुटतं, तेच पेक्टिन ज्यामुळे पेरूची जेली धरते, आणि मग वाइन महिनोन् महिने गढूळ राहते. एक कॅम्पडेन गोळी चुरून घालायची, झाकण ठेवायचं. बारा तासांनी पेक्टिन तोडणारं एन्झाइम चमचाभर. आणखी बारा तासांनी, म्हणजे पुरे चोवीस तास झाल्यावर, यीस्ट. घाई केलीत तर गोळी रानटी जंतूंबरोबर तुमच्या पाहुण्या यीस्टलाही झोपवते.

यीस्ट घालण्याआधी हायड्रोमीटरचा आकडा लिहून ठेवा. बादलीवरच, मार्करने. वहीत लिहिलेला आकडा नंतर सापडत नाही, हा अनुभव आहे.

यीस्ट अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवते. पाणी बोटाला कोमट लागेल इतपतच, चहाइतकं गरम नको. त्याबरोबर चमचाभर यीस्टचं खाद्य. नुसत्या साखरेवर यीस्ट जगत नाही, त्याला नायट्रोजनही लागतो, आणि आपण रसात पाणी-साखर घालून तो विरळ केलेला असतो. नायट्रोजन कमी पडला की यीस्ट सडक्या अंड्यांचा वास सोडायला लागतं. हा वास आला तर घाबरू नका, पण खाद्य घालायचं राहिलं का ते आठवा.

पहिली रात्र शांत जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणाला कान लावला तर आत सोड्याची बाटली उघडल्यासारखी बारीक सर्र ऐकू येते. संध्याकाळपर्यंत सगळा चोथा वर येऊन त्याचा जाड, जांभळा थर बसलेला असतो, कारण खालून निघणारे बुडबुडे त्याला उचलून धरतात. तो थर चमच्याने खाली दाबायचा, दिवसातून दोनदा. दाबला नाही तर वरचा भाग कोरडा पडतो आणि बुरशीला ओसरी मिळते. शिवाय रंग आणि तुरटपणा सालात असतो. साल रसात बुडलेलंच राहायला हवं. थर दाबताना खालून एकदम फसफसून येतं आणि नाकाला झिणझिण्या आणणारा वायू निघतो. त्यावर वाकून वास घ्यायचा मोह टाळा.

खोली १८ ते २४ अंशांची बरी. इथे सप्टेंबरात घर तेवढंच असतं, त्यामुळे मला काही करावं लागत नाही. आपल्याकडे द्राक्षं तोडतात ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये आणि लगेच उन्हाळा येतो. म्हणून नाशिकच्या वायनऱ्यांत स्टीलच्या टाक्या बाहेरून गार ठेवाव्या लागतात. फार गरम झालं की यीस्ट धसमुसळेपणाने काम करतं आणि फळाचा वास वायूबरोबर उडून जातो.

पाचव्या-सहाव्या दिवशी कांडी १.०३० च्या खाली गेली की गाळायचं. निर्जंतुक केलेलं फडकं, नरसाळं, बुधला. फडकं श्रीखंडाच्या चक्क्यासारखं टांगून ठेवावं, पिळू नये. पिळलं की बियांचा कडूपणा आणि ढीगभर साका खाली उतरतो. बुधला भरला, एअरलॉक लावलं, आणि इथून पुढे हवेला दार बंद.

बुधल्यातले सहा महिने

इथून गोष्ट मंदावते, म्हणून मीही थोडक्यात सांगते. एअरलॉकमधले बुडबुडे आधी सेकंदाला एक, मग मिनिटाला एक, मग नाहीत. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही. हवामान बदललं तरी ते थांबतात किंवा पुन्हा सुरू होतात. कांडीवर विश्वास ठेवा: चार-पाच दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला, आणि तो १.००० च्या खाली असला, की संपलं.

तळाला आता बोटभर फिकट चिखल बसलेला असतो, त्यातलं बरंचसं मेलेलं यीस्ट. त्यावर वाइन फार काळ ठेवली तर तिला शिळा वास लागतो. म्हणून बुधला टेबलावर, दुसरा जमिनीवर आणि नळीने वरची निवळ तेवढी खाली ओढून घ्यायची. नळीचं खालचं टोक दुसऱ्या बुधल्याच्या तळाला टेकलेलं हवं. वरून धार सोडली तर ती पडताना हवा ओढून घेते, आणि आता तर आपल्याला हवा नकोच आहे. अर्धी किंवा एक कॅम्पडेन गोळी पुन्हा इथे घालायची.

साका काढला की वाइन कमी भरते आणि बुधल्याच्या खांद्याशी वीतभर मोकळी जागा उरते. ती जागा म्हणजे हवा. पाणी घालून भरता येते, पण चव पातळ होते. मला ज्यांनी हे शिकवलं ते शेजारचे आजोबा काचेच्या गोट्या वापरतात. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गोट्या एकेक करून आत सोडायच्या, वाइन वर वर चढते आणि बुचाला भिडते. मी त्यांना आपल्या तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगितली तर ती त्यांना आधीच ठाऊक होती, इसापाची म्हणून.

दोन महिन्यांनी पुन्हा साका काढायचा. बुधला उजेडात ठेवू नका, रंग उडतो. माझा जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळून जिन्याखाली असतो. मार्चच्या सुमारास तो उचलून खिडकीशी धरला की पलीकडची वर्तमानपत्राची ओळ वाचता यावी इतकी वाइन निवळलेली असते. तेव्हा बाटल्या.

विषारी दारूची भीती

हे सगळं भारतात फोनवर सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘अगं, पण डोळे-बिळे जाणार नाहीत ना?’ प्रश्न चुकीचा नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. पण त्या दारूतलं विष आंबवण्यातून आलेलं नव्हतं. अशा प्रकरणांत कारखान्यासाठी तयार केलेलं मिथेनॉल, म्हणजे वेगळ्याच जातीचं अल्कोहोल, स्वस्त म्हणून दारूत मिसळलेलं असतं. शरीरात गेलं की यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं.

फळं आंबवताना पेक्टिनमधून मिथेनॉल तयार होतंच, पण अगदी थोडं. बाजारच्या वाइनमध्येही ते असतं. साधी आंबवलेली वाइन त्याने विषारी होत नाही. वाइन उकळून तिची वाफ गार करून कडक दारू काढणं, म्हणजे ऊर्ध्वपातन, हा मात्र वेगळाच उद्योग. त्यात आगीचा धोका आहे, काय किती गोळा होतंय त्याचा अंदाज घरात येत नाही, आणि ब्रिटनमध्येही बिनपरवाना केला तर गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका. वाइनमधलं साधं अल्कोहोलही शरीराला निरुपद्रवी नसतं; घरी केलं म्हणून ते औषध होत नाही, द्राक्षासवाशी नातं असलं तरी.

बाटल्या

दुसऱ्या वर्षी व्हिनेगर झालं नाही. वाइन झाली, पण मला ती कोरडी लागली. साखर पार संपलेली वाइन जिभेला कोरडीच लागते, आणि आपली जीभ सरबतावर वाढलेली. म्हणून मी चाखत चाखत साखर घातली, बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि जिन्याखाली आडव्या लावल्या. तीन आठवड्यांनी रात्री दीडला जिन्याखालून फटाक्यासारखा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. दार उघडलं तर व्हॅक्यूम क्लीनर, मुलाचे बूट आणि अर्धी भिंत जांभळी.

निवळलेल्या वाइनमध्येही थोडं यीस्ट जिवंत असतंच. त्याला ताजी साखर मिळाली, ते उठलं आणि कामाला लागलं. फ्रान्समध्ये शॅम्पेन करताना हेच मुद्दाम करतात: बंद बाटलीत लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात, त्यातून हवेच्या दाबाच्या सहापट दाब तयार होतो. म्हणून शॅम्पेनची बाटली इतकी जाड आणि तिचं बूच तारेने बांधलेलं. म्हणजे लिटरला चार ग्रॅम साखरेमागे एकपट दाब धरा. मी घातली होती लिटरला तीस ग्रॅमच्या आसपास, आणि बाटल्या होत्या साध्या. बुचं उडाली हे नशीब. काच फुटली असती तर दार उघडताना मी समोर होते.

गोड वाइन हवी असेल तर आधी ती पूर्ण निवळू द्यावी, साका काढावा, मग पोटॅशियम सॉर्बेट आणि कॅम्पडेन गोळी दोन्ही घालावीत. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ थांबवतं. म्हणून आधी यीस्ट कमी झालेलं हवं. त्यानंतर साखर, आणि तरीही दोन आठवडे एअरलॉकखाली थांबून, आकडा हलत नाही हे बघूनच बाटलीत.

हेच सॉर्बेट उलट्या बाजूनेही गाठ घालतं. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना पहिली हुक्की येते ती डब्यातल्या आमरसाची वाइन करायची. जरूर करा, पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. ई२०२ म्हणजे सॉर्बेट, ई२११ म्हणजे बेन्झोएट. यातलं काही असेल तर यीस्ट तुमच्याकडे बघणारही नाही. आंब्यात पेक्टिन भरपूर, म्हणून एन्झाइम थोडं जास्त घालावं लागतं. आणि अगदीच फळांचा कुटाणा नको असेल तर दुकानातला बिनसंरक्षकाचा द्राक्षरस आणून थेट बुधल्यात यीस्ट लावावं. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सुचवते: चोथा नाही, गाळणं नाही, चुकायच्या जागा कमी. खायची द्राक्षं मात्र नकोत. आपली थॉम्पसन सीडलेस खायला फर्मास, पण तिची साल पातळ, आंबटपणा कमी. वाइन झाली की ती मिळमिळीत लागते. वाइनची द्राक्षं बारकी, बियांची, जाड सालाची असतात आणि तोंडात टाकली तर फारशी आवडणार नाहीत.

साडेचार लिटरमधून पाच बाटल्या धड निघतात, सहावी थोडी रिकामी राहते. ती सहावी आधी प्यायची, कारण तिच्यात हवा जास्त. बाकीच्यांवर तारीख आणि आकडे लिहून पुढच्या ब्लॅकबेरीपर्यंत विसरायचं. सहा महिन्यांची वाइन कर्कश लागते, दातांना तुरट. वर्षभराने तिचेच कोपरे घासले जातात. उघडलेल्या बाटलीत हवा पुन्हा आत आलेली असते, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी. संपली नाहीच तर एक रुंद तोंडाची बरणी घ्या, वर फडकं बांधा, म्हणजे चिलटं बाहेर आणि हवा आत, आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्या. ती कृती मला पहिल्या वर्षापासून येते.